बिघडला तर कुणाला हाक मारायची?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची साथ सोडली. त्या दिवशी कुठलाही संगणक बंद पडला नाही. नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या यायच्या तेवढ्या थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीचा, एरवी धडधाकट असलेला संगणक अधिकृत यादीच्या बाहेर पडला. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज बांधला होता, की यामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागतील.

दुसरीकडे आपल्या देशाचं चित्र असं, की राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, शहरांतल्या २३.४ टक्के घरांत संगणक होता आणि ग्रामीण भागातल्या अवघ्या ४.४ टक्के घरांत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की उत्तर आपसूक सुचतं. कंपन्यांच्या गोदामांतली यंत्रं उचलावीत, त्यांवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घालावं, गरजूंना द्यावीत, झालं.

‘झालं’ म्हणणारे एक गृहस्थ आणि ‘इतक्यात झालं नाही’ म्हणणाऱ्या एक बाई, दोघंही माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. सर पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले. मुंबईतल्या एका रात्रशाळेच्या खोलीत ते जुने संगणक दुरुस्त करतात, त्यांवर मुक्त सॉफ्टवेअर घालतात आणि शाळांना, अभ्यासिकांना, घरांना देतात. ताई एका वस्तीत मुलींना नोकरीसाठी तयार करणारं केंद्र चालवतात. दोघांनाही एकमेकांच्या कामाबद्दल आदर आहे, म्हणून वाद मोकळेपणाने होतात. सरांनी ताईंच्या केंद्राला दहा संगणक देऊ केले, त्यावरून झालेलं हे बोलणं.

ताई : सर, मी नको म्हणत नाहीये. पण माझ्या वस्तीत लोकांचे वापरलेले कपडे येतात, दिवाळी सरली की उरलेला फराळ येतो, मुदत संपत आलेली औषधं येतात. आता वापरून झालेले संगणक. ज्याला त्याला नकोसं झालेलं आमच्याकडे यायचा हा रस्ता पायाखालचा आहे माझ्या. मुलींना कळतं हो ते. त्या बोलत नाहीत, पण कळतं.

सर : रस्ता तोच आहे, नाकारत नाही. पण ताई, कपडा विरतो, औषधाचा गुण जातो. या यंत्रात काय विरलं? प्रोसेसर पहिल्या दिवशी जेवढ्या वेगाने चालत होता तेवढ्याच वेगाने आजही चालतो. त्याच्यावर चढवलेलं सॉफ्टवेअर जड होत गेलं आणि एक दिवस बनवणाऱ्याने सांगितलं, आता आमचा तुमचा संबंध संपला. यंत्र म्हातारं झालेलं नाही, त्याला निवृत्त केलंय.

ताई : आणि तुम्ही त्याला परत कामावर घेताय.

सर : हो. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवर सुरू होते, ४ जीबीवर नीट चालते. त्यात लिबरऑफिस आहे, फायरफॉक्स आहे, मराठी लिहायची सोय आहे. परवाना नाही, मुदत नाही.

ताई : सुरू होणं आणि चालणं यांत फरक असतो. मुलगी व्हिडिओ लावेल, शिष्यवृत्तीच्या अर्जाचं पान उघडेल, मेल उघडेल. तीन पानं एकदम उघडली की काय होतं?

सर : २ जीबी असेल तर यंत्र गुदमरतं. म्हणून ४ जीबीच्या खालचं मी कुणाला देत नाही, आणि जमेल तिथे ८ करतो. ऑपरेटिंग सिस्टिम हलकी करता येते, संकेतस्थळं हलकी करणं माझ्या हातात नाही. कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या यंत्रावर मोठ्या आकाराचा व्हिडिओ अडखळतो, हेही आधीच सांगतो. लहान खिडकीत पाहायचा.

ताई : आणि तुमच्या लिनक्सवाल्यांनी कधी कुणाला सोडलंच नाही?

सर : सोडलं की. ३२ बिटच्या यंत्रांना मिंटच्या मुख्य आवृत्तीने २०२० मध्ये निरोप दिला. डेबियनसारखं जुन्याला धरून राहणारं घराणं, त्यानेही २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत त्यांच्यासाठी इन्स्टॉलर ठेवला नाही. पण तसली यंत्रं वीस वर्षांपूर्वीची. आठ वर्षांच्या यंत्राला घराबाहेर काढणं वेगळं आणि वीस वर्षांच्याला काढणं वेगळं.

या जागी मला सरांच्या खोलीबद्दल थोडं सांगू द्या, कारण ‘रिफर्बिश्ड’ या शब्दामागे नेमकं किती काम असतं ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. यंत्र आलं की सर आधी ब्लोअरने धूळ काढतात. मग रॅमची पट्टी उपसून तिच्या सोनेरी टोकांवर शाळेतल्या पोरासारखं खोडरबर फिरवतात. पडदा काळा राहतो अशी तक्रार असलेली कितीतरी यंत्रं एवढ्यानेच जागी होतात. प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावायची. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्याला फुगलेत का, हे बोट फिरवून पाहायचं. हार्ड डिस्क बहुतेकदा नसतेच, कारण माहिती बाहेर जाऊ नये म्हणून कार्यालयं ती काढून नष्ट करतात. तिच्या जागी छोटी एसएसडी बसवली की तेच यंत्र ओळखू येत नाही इतकं चपळ होतं. खर्च येतो तो इथे, एसएसडी आणि रॅमवर.

एका कार्यालयाने ‘इंटरनेट चालत नाही’ अशी चिठ्ठी चिकटवून दिलेलं एक यंत्र मी तिथे पाहिलं. सरांनी ते सुरू केलं आणि कोपऱ्यातल्या तारखेकडे बोट दाखवलं. २००९ साल होतं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला होता. त्यामुळे दर वेळी सुरू करताना यंत्राचं घड्याळ मागे जाई, आणि संकेतस्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत तारखेवरूनच पडताळली जात असल्याने जिकडे तिकडे ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ असा इशारा येई. कुणीतरी वैतागून अख्खा संगणक टाकून दिला होता. किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलने तो दुरुस्त झाला.

ताईंना ही गोष्ट ठाऊक आहे. पण त्यांचा पुढचा मुद्दा असा होता, की त्यावर सरांचं पहिलं उत्तर पुरं पडलं नाही.

ताई : सर, पैसे वाचतात हा मुद्दा तर सोडूनच द्या. आमच्या भागात विंडोजचे पैसे कोण देतं? कोपऱ्यावरचा मुलगा तीनशे-चारशे रुपयांत विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, मराठी फॉन्ट सगळं घालून देतो. जे आधीच फुकट आहे त्याच्यासमोर तुमचं फुकट काय मोठं?

सर : ते फुकट नाही, चोरीचं आहे.

ताई : माझ्या वस्तीत या शब्दाला कुणी घाबरणार नाही. पोटाला लागणारं काम चोरीच्या सॉफ्टवेअरवर होत असेल, तर त्याची शरम लाख लाख रुपयांचे परवाने विकणाऱ्याला वाटायला हवी.

सर : बरं, शरम बाजूला ठेवू. व्यवहार बोलू. तो मुलगा विंडोज घालताना परवान्याची तपासणी चुकवणारं एक ॲक्टिव्हेटर घालतो. ते घालायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. त्याच्या आत आणखी काय आहे हे त्याला माहीत नाही, तुम्हाला नाही, मला नाही. वर तो अपडेटही बंद करून ठेवतो, नाहीतर परवाना उघडा पडतो. अशा यंत्रावर तुमची मुलगी बँकेचा पासवर्ड टाकते, आधारची प्रत ठेवते. गरिबाचं खातं लहान असतं, पण गेलं तर त्याचं सगळंच जातं.

ताई : हे पटतं मला.

सर : पेन ड्राइव्हचंच घ्या. झेरॉक्सच्या दुकानातून मुलगी बायोडेटा छापून आणते, घरी पेन ड्राइव्ह लावते, तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. तिला वाटतं फाइली गेल्या. लिनक्सवर तोच पेन ड्राइव्ह लावा. ते शॉर्टकट तिथे मुकाट पडून राहतात, काही करू शकत नाहीत, आणि लपवलेलं खरं फोल्डर शेजारीच सापडतं. माझ्याकडची मुलं शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पेन ड्राइव्ह असे साफ करून देतात.

ताई : आणि विजेचं काय? जुना डेस्कटॉप आणि त्याचा पडदा मिळून शंभरेक वॉट खातात. रोज चार तास म्हटलं तर महिन्याला बारा युनिट. आमच्याकडे कित्येक घरं दुसऱ्याच्या मीटरवरून वीज घेतात आणि युनिटमागे ज्यादा पैसे मोजतात. देणगीच्या पत्रात हा आकडा कधी असतो का?

सर : नसतो. म्हणून घरात द्यायचा असेल तर मी लॅपटॉप देतो, तो पाव-तिसऱ्या हिश्श्यात चालतो. डेस्कटॉप केंद्राला, अभ्यासिकेला.

यानंतर बोलणं जिथे गेलं तो ताईंच्या कामाचा गाभा आहे. त्यांच्याकडे येणारी मुलगी दहावी-बारावी झालेली असते, घरून सहा महिन्यांची मुदत घेऊन आलेली असते. सहा महिन्यांत नोकरी लागली नाही तर लग्न.

ताई : मालक मुलाखतीत दोनच प्रश्न विचारतो. एक्सेल येतं का? टॅली येतं का? तिथे माझ्या मुलीने लिबरऑफिस म्हटलं तर तो पुढच्या मुलीला बोलावतो. तुमचं तत्त्व तुमच्यापाशी, तिची नोकरी गेलेली असते. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळेतलं पोर विंडोजवर शिकणार, मॅकवर शिकणार, आणि वस्तीतल्या मुलीने मात्र मालकाला ऐकूनही माहीत नाही त्यावर शिकायचं. हा प्रयोग दर वेळी आमच्यावरच का?

सर : एक्सेलबद्दल सांगतो. मुलीला व्हीलुकअप येतं का, पिव्होट टेबल येतं का, पगारपत्रक मांडता येतं का, हे मालकाला हवं असतं. हे सगळं लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये तसंच आहे. सूत्रं तीच आहेत. मॅक्रो वेगळे पडतात, पण तुमच्या सहा महिन्यांत मॅक्रोपर्यंत कोण जातं? तिने मुलाखतीत बेलाशक एक्सेल येतं म्हणावं आणि आठवडाभर आधी खऱ्या एक्सेलवर बसावं.

ताई : आठवडाभर बसायला ते असायला हवं ना.

सर : हवं. आणि टॅलीचं तुमचं खरं आहे. आपल्या मुंबईतच ग्नूखाता नावाचं मुक्त हिशेब-सॉफ्टवेअर तयार झालं, चांगलं आहे. पण बाजार टॅली मागतो, आणि टॅली विंडोजवर चालतं. सेवा केंद्रांत डिजिटल सहीचे टोकन आणि अंगठ्याची यंत्रं लागतात, त्यांची सॉफ्टवेअरंही बहुतेक विंडोज धरूनच केलेली. मी लिनक्सवर चालवून दाखवीन म्हणत रात्र घालवीन, आणि सकाळी रांगेतला माणूस खोळंबेल. हे मी करणार नाही.

ताई : मग?

सर : दोन यंत्रं नवी घेऊ, विंडोज ११ ची, पैसे देऊन. त्यांवर टॅलीचा शिकाऊ मोड, खरं एक्सेल, टोकन. बाकीची आठ लिनक्सची.

ताई : तुमच्या तोंडून विंडोज! बरं, मराठी टायपिंग? लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी ३० शब्दांचा वेग लागतो. माझ्या निम्म्या मुली त्यासाठीच येतात.

सर : तिथे तर लिनक्स तसूभर मागे नाही. इनस्क्रिप्ट हा सरकारनेच ठरवलेला कळफलक. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. विंडोजमध्ये तो जसा आहे तसाच लिनक्समध्ये आधीपासून बसवलेला आहे. बोटांना ऑपरेटिंग सिस्टिम कळत नाही, ताई. वेग तिथे कमावला की इथे येतो.

ताई : हे चालेल. पण डीटीपीच्या दुकानातल्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली उघडत नाहीत, तुमच्याकडे आणल्या की नुसती रांगोळी दिसते.

सर : ते युनिकोड नसलेले फॉन्ट. तो फॉन्ट ज्या यंत्रात नाही तिथे विंडोजवरही रांगोळीच दिसते. त्याचा दोष लिनक्सला देऊ नका. पण मुलींना ते माहीत हवं, हे खरं. शिकवू.

इथे माझ्या मनात आलेली एक गोष्ट मी दोघांना सांगितली. ताईंच्या केंद्रात एक दृष्टिहीन मुलगी संगणकावर काम करते. पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर ती वापरते. दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरांनी, मायकेल करन आणि जेम्स तेह यांनी, २००६ पासून ते उभं केलं. ते मुक्त आहे, मोफत आहे, आणि चालतं विंडोजवर. त्याआधी असलं काम करणारं व्यापारी सॉफ्टवेअर सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होतं. म्हणजे ताई स्वतः रोज मुक्त सॉफ्टवेअरच्या जोरावर एका मुलीला नोकरीच्या दारापर्यंत नेत आहेत. सरांना यात समाधान वाटलं. ताई म्हणाल्या, ‘मला त्याच्या जातकुळीशी देणंघेणं नाही, ते तिला वाचून दाखवतं एवढं पुरे.’ मला त्यांचं हे म्हणणं अपुरं वाटतं. ते वापरायला पैसे मोजावे लागत नाहीत आणि जगातला कुणीही त्यात आपली भाषा घालू शकतो, म्हणूनच त्या मुलीपर्यंत ते पोचलं.

सर : मोठ्या प्रमाणावर होतं का, हे पाहायचं तर केरळकडे बघा. २००१ मध्ये तिथे आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला. पुढे त्यांनी सगळ्या सरकारी शाळांचं संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. २०१७ मध्ये त्याची काईट ही सरकारी कंपनी झाली. उबंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती ते काढतात, मल्याळममध्ये. दोन लाखांवर शालेय संगणक त्यावर चालतात. ३,००० कोटी रुपये वाचल्याचं ते सांगतात.

ताई : त्या ३,००० कोटींत प्रत्येक यंत्रामागे दीड लाखाचे परवाने धरलेत. एवढे पैसे कुठल्या सरकारने शाळेतल्या एकेका संगणकावर खर्च केले असते? जे खर्च झालेच नसते ते वाचले म्हणायचे?

सर : आकडा सोडा. त्यांनी केलं ते बघा. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. पाठ्यपुस्तकं मुक्त सॉफ्टवेअर धरून लिहिली. २०१८ पासून शाळाशाळांत लिटल काईट्स नावाची मुलांची मंडळं उभी केली. यंत्रं सांभाळणारी मुलं शाळेतच तयार झाली.

ताई : सरकार मागे होतं म्हणून. म्युनिक शहराकडे पैसा नव्हता का? त्यांनी दहा वर्षं खपून नगरपालिकेचे हजारो संगणक लिनक्सवर आणले, २०१३ मध्ये काम पुरं झालं म्हणाले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. श्रीमंत शहर टिकलं नाही, आणि मी वस्तीत टिकवायचं?

सर : म्युनिकमध्ये राजकारण फिरलं.

ताई : उद्या माझं केंद्र चालवायला दुसरी कुणी आली की इथलंही फिरेल. तेच तर म्हणते मी. आणि दक्षिण अमेरिकेतल्या पेरूचं काय? तिथे मुलामुलांना लॅपटॉप वाटले, वन लॅपटॉप पर चाइल्ड. त्यावर लिनक्सच होतं ना? ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. गणितात आणि भाषेत मुलांच्या गुणांत काही फरक पडलेला नव्हता.

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. तो लॅपटॉप त्यांना प्रिय आहे. आपल्याकडे त्याचा पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात या लहानशा गावच्या शाळेत झाला होता. त्या वेळी मुक्त सॉफ्टवेअरवाल्या सगळ्यांनाच मोठी उमेद होती. पेरूतलं अपयश मी सॉफ्टवेअरच्या खात्यावर टाकणार नाही. तिथे शिक्षकाला बाजूला ठेवून यंत्र थेट मुलाच्या हातात दिलं गेलं आणि पुढचं ते आपोआप घडवील असं गृहीत धरलं गेलं. ताईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं.

सर : पेरूत तुमची बाजू बरोबर आहे. पण मग बंगळूरही बघा. तिथे सुदर्शन लेआउट नावाची वस्ती आहे. फ्री सॉफ्टवेअर मूव्हमेंट कर्नाटकच्या तरुणांनी तिथे आंबेडकर कम्युनिटी कॉम्प्युटिंग सेंटर उभं केलं. दान आलेले जुने संगणक, त्यांवर लिनक्स, आणि संध्याकाळी येऊन शिकवणारे स्वयंसेवक. तिथली मुलं गिंप या चित्रांच्या मुक्त सॉफ्टवेअरवर इतकी सुंदर चित्रं काढायची. गिंपच का? कारण ते प्रत्येक यंत्रावर बिनपैशाने घालता येत होतं.

ताई : आणि स्वयंसेवक रोज येत होते.

सर : येत होते.

ताई : हेच. सर, मी दहा वर्षं पाहतेय. देणारा संगणक देतो, रिबीन कापतो, मुलांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतो. पहिल्या महिन्यात प्रिंटर बोलेनासा होतो. विंडोज असेल तर मी कोपऱ्यावरच्या मुलाला हाक मारते, तो दोनशे रुपये घेतो आणि अर्ध्या तासात करून देतो. लिनक्स म्हटलं की तो हात वर करतो. तुम्हाला फोन करावा लागतो. तुम्ही दोन दिवसांनी येता. त्या दोन दिवसांत यंत्रावर कापड टाकलं जातं, आणि एकदा टाकलेलं कापड परत निघत नाही. मला विंडोजचं प्रेम नाही. मला फक्त एक सांगा, बिघडला तर कुणाला हाक मारायची?

माझ्या मते या सगळ्या वादातला खरा प्रश्न हाच आहे, आणि जुने संगणक वाटणाऱ्या बहुतेक उपक्रमांत त्याला जागाच नसते. देणगीचा हिशेब यंत्रांच्या संख्येत होतो. त्यांच्यामागे उभ्या राहणाऱ्या माणसाचा पगार कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पण या प्रश्नाचं उत्तर मुक्त सॉफ्टवेअरच्या विरुद्ध जात नाही, असं मला ठामपणे वाटतं. कोपऱ्यावरच्या त्या मुलाला विंडोज बसवता येतं, त्याच्या आत काय चाललंय ते त्याला कधीही पाहता येणार नाही. लिनक्सवर काय बिघडलं ते यंत्र स्वतः लिहून ठेवतं, त्या नोंदी कुणालाही वाचता येतात, त्या वाचून कुणालाही दुरुस्ती शिकता येते, आणि शिकलेलं दुसऱ्याला देताना कुणाची परवानगी लागत नाही. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिसपासून लिनक्सच्या आज्ञांपर्यंतचे लहान लहान धडे मराठी आवाजात मोफत आहेत. बाजूच्या खिडकीत धडा चालू ठेवायचा आणि इकडे हाताने करत जायचं, अशी त्यांची रचना आहे. म्हणजे हाक मारायचा माणूस वस्तीतच घडवता येतो. घडवावा मात्र लागतो, आणि त्याला वेळ आणि पैसा लागतो.

सर : अमेरिकेत पोर्टलंडला फ्री गीक नावाची संस्था २००० साली निघाली. तिथे संगणक नुसता हातात देत नसत. माणूस येऊन काम करायचा, यंत्रं सोडवायला-जोडायला शिकायचा, आणि शेवटी एक संगणक त्याचा व्हायचा. माझ्याकडे रात्रशाळेतली एक मुलगी तशीच शिकली. दिवसा शिवणकामाच्या कारखान्यात जाते. ती आता पेन ड्राइव्हवरून मिंट घालते, रॅम बदलते, प्रिंटर जोडते. परवा एका यंत्राचा वायफाय लागत नव्हता, तिने नोंदी वाचून कुठला ड्रायव्हर हवा ते शोधलं. मी नुसता बसून होतो.

ताई : तिला तुम्ही काय देता?

सर : चहा. प्रवासखर्च.

ताई : बघा. तुमचं सॉफ्टवेअर फुकट, यंत्र फुकट, आणि मुलगीही फुकट. हे चालणार नाही. सगळ्यांत आधी तिचं मानधन. संगणक त्यानंतर.

सर : मान्य आहे.

ताई : आणि हे यंत्र कायमचं गेलं की ते आमच्या वस्तीत राहता कामा नये. कुर्ल्याला, साकीनाक्याला तारा जाळून तांबं काढणारी माणसं आमच्याच नात्यातली आहेत. धूर त्यांच्या छातीत जातो. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. बाकीचा कुठे जातो ते मला कुणी सांगायला नको.

सर : मेलेलं यंत्र मी परत नेईन आणि नोंदणीकृत रिसायकलरकडे देईन. तसं लेखी देतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांत नूतनीकरण करणाऱ्यांनाही नोंदणी आहे. तेही करून घेतोय.

ताई : आणि फोटो नाही. मुलींचे चेहरे देणगीदाराच्या अहवालात जाणार नाहीत.

सर : नाही जाणार. आता माझी एक अट. दहापैकी लिनक्सची जी आठ यंत्रं आहेत, त्यांचा ॲडमिनचा पासवर्ड मुलींकडे राहील.

ताई : मुळीच नाही. कुणीतरी काहीतरी उडवून बसेल, आणि दुसऱ्या दिवशी टायपिंगची बॅच आहे.

सर : उडवू दे. त्यांच्या फाइली डिस्कच्या वेगळ्या विभागात ठेवतो, त्यांना धक्का लागणार नाही. एसएसडीवर पुन्हा सगळं घालायला वीस मिनिटं लागतात. उडवलेलं परत उभं केल्याशिवाय ती मुलगी शिकणार कशी? पासवर्ड तुमच्याकडे राहिला तर उद्या तुम्हालाच हाक मारतील. म्हणजे मालक बदलला, बाकी काही बदललं नाही.

ताई : तत्त्वाचं बोलताय. मला बॅच चालवायची आहे.

सर : मीही तेच बोलतोय.

ताई : चार यंत्रांचा पासवर्ड मुलींकडे. टायपिंगच्या चारांचा माझ्याकडे. परीक्षा होऊन जाऊ दे, मग पुढचं बघू.

सर : परीक्षेनंतर आठही.

ताई : बघू म्हटलं ना. तुमच्या त्या मुलीला सोमवारी संध्याकाळी घेऊन या, कारखाना सुटल्यावर. तिच्याशी मानधनाचं मी स्वतः बोलते, आणि देणगीदाराकडून वर्षाचे पैसे लेखी घेते. ते हातात आले की टेम्पो पाठवा.